धुक्यात रोज लढलेली लढाई

एका खाडीवर आजचा दिवस कोणाचा, हे सकाळचं धुकं विरेपर्यंत कोणाला कळत नसे.

खाडीच्या अलीकडे उंचबंदर, पलीकडे खोलबंदर. दोन बंदरं, दोन राजे आणि मधोमध एक मीठबेट. त्या बेटासाठी दोघांनी गलबतं बांधली आणि पाण्यावरची पहिली लढाई लढली. तोवर माणसं जमिनीवरच एकमेकांना मारत असत. संध्याकाळ झाली तेव्हा दोन्हीकडची सगळी गलबतं तळाशी गेली होती. बेट होतं तिथंच होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे खाडीवर धुकं उतरलं आणि बुडालेली गलबतं त्यातून वर आली. शिडं फुगलेली, माणसं आपापल्या जागी उभी. पुन्हा लढाई झाली. त्या दिवशी उंचबंदर जिंकलं. पुढच्या पहाटे पुन्हा गलबतं उठली आणि खोलबंदर जिंकलं. मग रोज हेच चाललं. जो जिंके त्याचं निशाण त्या दिवशी दोन्ही किनाऱ्यांवर चढे. दुसरं कोणतं निशाण काठीवर राहतच नसे, बांधलं तरी गळून पडे. दुपारपर्यंत मेलेली माणसं पुन्हा तळाशी जात आणि पहाटे पुन्हा उठत.

अशा मुलखात कोण कोणावर विश्वास ठेवणार? काल ज्यानं खोलबंदरच्या शिपायाला मुजरा केला, त्याच्याकडे आज शेजारी तिरक्या नजरेनं बघे. भाटाला काल रचलेला पोवाडा आज गिळावा लागे. नवरा बायकोला विचारी, "काल त्यांचं निशाण चढलं तेव्हा तू हसलीस का?" राजे एकमेकांकडे जासूद पाठवत, त्या जासुदांच्या मागे हेर पाठवत, आणि हेरांच्या मागे आणखी कोणीतरी असे.

सगळ्यांत कडक पहारा होता विहिरीवर.

त्याला कारण होतं. त्या किनाऱ्यांची रीतच अशी की समुद्रात बुडालेल्याला त्याच्या रक्ताच्या माणसानं ओंजळीनं गोडं पाणी पाजायचं. खारं पाणी पिऊन मेलेला जीव तहानेला असतो. गोडं पाणी प्याला की सुटतो, मग तो परत येत नाही. आता परत येत नाही म्हटल्यावर पाजणार कोण? आपला माणूस रोज सकाळी उभा दिसतोय. आज मेला, उद्या कदाचित वाचेल. शिवाय आपण पाजलं आणि समोरच्यांनी नाही पाजलं, तर आपली गलबतं रिकामी आणि त्यांची भरलेली. म्हणून दोन्ही राजांनी दवंडी पिटली होती, "गोडं पाणी समुद्राकडे नेईल तो फितूर." कळशी घेतलेली बाई किनाऱ्याच्या बाजूला वळली तरी चार माणसं तिच्यामागून चालत.

उंचबंदरच्या आरमारात पुढचं गलबत होतं भिवजी तांडेलाचं. भिवजीच्या मागे दोन माणसं उरली होती. बायको भागू आणि धाकटा भाऊ गोमा. आईबाप लहानपणीच गेलेले, गोमाला भिवजीनंच वाढवलं. भाऊ गेला की धाकटा शहाणा होतो, असं लोक म्हणतात. खोटं आहे ते. धाकटा वेडा होतो. गोमा आधीच तापट, त्यात रोज सकाळी भागूवहिनीशेजारी उभं राहून त्यानं भावाला मरताना बघितलं. एकदा भाल्यानं, एकदा आगीनं, एकदा नुसतं पाण्यात पडून. भिवजी कधीच वाचला नाही. उंचबंदर जिंको, हरो, भिवजी मरायचाच.

धक्क्याच्या खांबावर एक खंड्या पक्षी बसत असे. तो बोलत असे. गोमानं त्याला विचारलं, "हे कोणी केलं?"

"दोघांनी," खंड्या म्हणाला. "लढाईच्या आधी तुझा राजा चोरून मीठबेटावरच्या मांत्रिकाकडे गेला. म्हणाला, मी हरू नये. मांत्रिक तथास्तु म्हणाला. तुझा राजा मागच्या वाटेनं गेला आणि त्यांचा राजा पुढच्या वाटेनं आला. त्यानंही तेच मागितलं. मांत्रिक त्यालाही तथास्तु म्हणाला. आता दोघांनी हरायचं नाही म्हटल्यावर लढाई संपणार कशी?"

"मग सुटका?"

"तुमच्या रिवाजातच आहे. गोडं पाणी."

गोमानं दगड उचलला. "तू खोलबंदरचा हेर आहेस!"

खंड्या जागचा हलला नाही. "तिकडचे म्हणतात मी उंचबंदरचा. मासे मात्र मला दोन्हीकडे मिळतात."

गोमानं दगड मारला. नेम चुकला.

भाऊ सोडायचा नाही, भाऊ वाचवायचा, असं त्यानं ठरवलं. पहाटे त्यानं होडी काढली आणि धुक्यात शिरला. जिवंत माणसाला धुकं अडवत नसे. जिवंत माणसंच धुक्याला भीत.

भिवजीचं गलबत समोर आलं. गोमा ओरडला, "दादा! खडकाच्या अंगानं जाऊ नको! तिथं तुला भाला लागतो!"

भिवजी वाकून बघू लागला. "गोम्या? वहिनीला सांगून आलास ना?"

"दादा, वळव!"

"तांडेलाला सुकाणू शिकवतोस? बरं, वळवतो."

भिवजी वळला. भाला लागला नाही, पण बाजू उघडी पडली, खोलबंदरची गलबतं मधून घुसली आणि उंचबंदर हरलं. भिवजीच्या गळ्यात बाण बसला. त्या दिवशी खोलबंदरचं निशाण फडफडलं, आणि लोक गोमाकडे बघून थुंकले.

मग गोमानं ठरवलं, लढाईच जिंकायची. दुसऱ्या पहाटे तो कोयता घेऊन गेला. खोलबंदरच्या पुढच्या गलबताचा तांडेल होता नागोजी, त्याच्या दाढीचा दरारा होता. गोमा त्या गलबताच्या मागून गेला आणि त्यानं सुकाणूचा दोर कापला. तेव्हा धुक्यात त्याला आणखी एक होडी दिसली. होडीत एक तरणी बाई होती आणि तिच्याही हातात कोयता होता. ती उंचबंदरच्या गलबतांकडे चालली होती. गोमानं डोळे चोळले. होडी दिसेनाशी झाली.

उंचबंदर जिंकलं, कधी नव्हे असं जिंकलं. राजानं गोमाच्या हातात सोन्याचं कडं घातलं. पण त्या जयजयकारात डोलकाठी मोडली आणि भिवजीच्या अंगावर पडली. दुसऱ्या पहाटे सगळी गलबतं पुन्हा उभी होती, जसं काही झालंच नव्हतं.

राजाच्या प्रधानानं गोमाला बोलावलं. "दोनदा धुक्यात गेलास, दोनदा परत आलास. कोणाचं खातोस?"

"भावाचं खाल्लं आजवर. आता कोणाचं नाही."

"मग एक काम कर. गोडं पाणी ने आणि त्या नागोजीला पाज. तो उठायचा नाही. पुढारीच गेला तर त्यांचं आरमार मोडेल. उंचबंदर कायमचं जिंकेल."

"आणि माझा भाऊ?"

"शत्रूच नसला तर मारणार कोण त्याला?"

गोमाला ते पटलं. प्रधानाच्या हुकमानं विहिरीवरच्या पहारेकऱ्यांनी त्याची कळशी भरू दिली. भागूवहिनी मात्र वाटेत आडवी आली.

"भावजी, कळशीत काय आहे?"

"त्यांच्या तांडेलासाठी आहे, वहिनी."

"शपथ घ्या."

"वहिनी!"

"तुम्हीच एकटे त्यांच्या रक्ताचे. तुमच्या हातचं पाणी त्यांच्या ओठाला लागलं, तर माझं कुंकू तुम्ही पुसलंत असं मी जन्मभर म्हणेन. घ्या शपथ."

गोमानं शपथ घेतली.

धुक्यात शिरल्यावर थोड्याच वेळात त्याची होडी दुसऱ्या होडीवर आदळली. तीच बाई होती. पायाशी कळशी.

"कोण गं तू?"

"आधी तू सांग."

"गोमा. भिवजी तांडेलाचा भाऊ."

"मी राही. नागोजी तांडेलाची बहीण." तिनं त्याच्या कळशीकडे बघितलं. "पाणी कोणासाठी?"

गोमानं कळशी पायामागे सरकवली.

"माझ्या भावासाठी," राहीच म्हणाली. "आणि हे माझ्या कळशीतलं तुझ्या भावासाठी. आमच्या प्रधानानं सांगितलं."

"आमच्याही प्रधानानं."

मग राहीला हसू फुटलं. हसता हसता ती म्हणाली, "हे दोन प्रधान एकाच आईच्या पोटचे दिसतात मेले." गोमाही हसला. कितीतरी दिवसांनी हसला आणि लगेच त्याला स्वतःचा राग आला.

"चल, बघू कोणाचं चालतं," तो म्हणाला.

दोन्ही गलबतं जवळजवळ आली होती. गोमानं नागोजीकडे ओंजळ फेकली. पाणी त्याच्या दाढीवर पडलं आणि कमळाच्या पानावरून घरंगळावं तसं घरंगळलं. राहीनं भिवजीच्या तोंडावर पाणी फेकलं. तेही तसंच गेलं. पाणी रक्ताच्या माणसाच्या हातचंच लागे. दोन्ही प्रधानांना रिवाज ठाऊक होता, पण शत्रूवर चालेल असं दोघांनाही वाटलं होतं.

तेव्हा भिवजी गलबताच्या कडेवर गुडघे टेकून बसला. तलवार बाजूला ठेवली.

"गोम्या, मघाशी ते गोडं होतं का रे?"

"हो."

"मला लागलं नाही."

"दादा, तुला आठवतं? रोजचं?"

"सगळं आठवतं."

"मग त्या दिवशी मी वळ म्हणालो तेव्हा का वळलास? हरणार हे ठाऊक होतं ना?"

"होतं. तू एवढा लांब आलास. तुझं मन मोडवेना." भिवजीचे ओठ पांढरे पडून फुटले होते. लांबून ते कधी दिसलं नव्हतं. "मरणाचं काही नाही रे. मरण दुपारी संपतं. तहान संपत नाही. तळाशी गेल्यावरही संपत नाही."

गोमानं वहिनीपुढे शपथ घेतली होती. पाठीमागे किनाऱ्यावर सगळं उंचबंदर उभं होतं. शेजारच्या होडीत राही होती. तिच्या भावाच्या हातात तलवार होती, आणि तिच्या कळशीत तिच्या भावापुरतं पाणी उरलं होतं. ते ती पाजणार की नाही, कोण सांगणार? गोमानं पाजलं आणि तिनं नाही पाजलं, तर उंचबंदर आज हरलं आणि कायमचं हरलं.

"राही," तो म्हणाला, "मी पाजलं तर तू पाजशील?"

"पाजेन म्हणाले तर तू मानशील?"

"नाही."

"मग विचारतोस कशाला?"

बाजूला दोन गलबतं एकमेकांत घुसली, लाकूड कडाडलं. नागोजी तलवार परजत भिवजीच्या गलबताकडे येत होता. भिवजी उठला नाही. त्यानं तोंड थोडं पुढे केलं, लहान मूल करतं तसं.

गोमानं ओंजळ भरली.

भिवजी प्याला. घोट घोट प्याला. मग त्यानं ओल्या हातानं गोमाचं डोकं चोळलं आणि म्हणाला, "वहिनीला ओरडू देत. उलटून बोलू नको." आणि तो कडेवरून पाण्यात सरकला. डोळे मिटलेले होते. यावेळी तो बुडाला नाही. पाण्यावर राहिला.

किनाऱ्यावरून आरोळी उठली, "फितूर! गोमा फितूर!" उंचबंदरची गलबतं थबकली, पुढारी गेला होता. नागोजीपुढे आता कोणी नव्हतं. त्यानं खोलबंदरचं निशाण उंच केलं.

राही कळशी छातीशी धरून बसली होती. गोमा तिच्याकडे बघत होता. तिच्या राजाची जीत तिच्या मांडीवर होती.

"नागूदादा," तिनं हाक मारली. "तुलाही लागलीय का रे तहान?"

नागोजी जिंकलेला माणूस होता. तो थांबला. निशाणाची काठी हातात तशीच धरून तो कडेला वाकला.

"कधीपासून लागलीय ते विचार," तो म्हणाला.

तिनं पाजलं.

धुकं तिथं वेळेआधीच पुरतं फाटलं. किनाऱ्यांवरच्या लोकांना पाण्यावर तरंगणारे दोन तांडेल दिसले, शेजारी शेजारी. उंचबंदरच्या विहिरीवरचा पहारेकरी तेवढ्यात किनाऱ्यावर धावत आला होता, गोमाला पकडायला. त्याचा लेक तिसऱ्या गलबतावर होता, आणि सगळी गलबतं आता आपापल्या किनाऱ्याकडे वळत होती. त्यानं भाला वाळूत टाकला, एका बाईच्या हातातली कळशी मागितली आणि गुडघाभर पाण्यात गेला. पलीकडच्या किनाऱ्यावरही कोणीतरी वाकलं. मग बायका निघाल्या, म्हातारे निघाले. कोणी कोणाच्या मागून हेरगिरी करत चाललं नाही, कारण सगळेच पुढे चालले होते.

दुपारपर्यंत गलबतं वितळून गेली. दोन्ही किनाऱ्यांवरची निशाणं काठ्यांवरून गळली आणि आपापली पुन्हा बांधली तेव्हा ज्याचं त्याच्या किनाऱ्यावर राहिलं. मीठबेटावरचा मांत्रिक एका पेटीत दोन राजांनी तथास्तुच्या मोबदल्यात दिलेले मोत्यांचे हार घेऊन दूर निघून गेला, त्याला कोणी अडवलं नाही. बेट कोणाचंच ठरलं नाही. दोन्ही राजांनी ते मान्य केलं, कारण नाकारायला आता त्यांच्याकडे कोणी उरलं नव्हतं. पुढच्या पहाटे खाडीवर धुकं नव्हतं, आणि भाटाला म्हणायला काही सुचलं नाही.

गोमानं मात्र त्या दुपारी भावाला होडीत घेतलं. एकट्यानं उचलवत नव्हतं. राहीनं आपल्या भावाला तिच्या होडीला बांधलं आणि ती इकडच्या किनाऱ्यापर्यंत सोबत आली. वाळूवर उतरून तिनं भिवजीचे पाय धरले, गोमानं खांदे.

भागूवहिनी किनाऱ्यावर उभी होती. कपाळ तिनं अजून पुसलं नव्हतं. तिनं गोमाकडे बघितलं नाही. बराच वेळ ती नवऱ्याच्या ओठांकडे बघत राहिली. ओठ ओले होते, भरलेले होते.

मग तिनं त्या परक्या बाईकडे बघितलं.

"ही कोण?"

"त्यांच्यातली," गोमा म्हणाला.

भागूनं पदर खोचला आणि मधे येऊन नवऱ्याच्या कमरेखाली हात घातला.

"पाय जरा वरून धर गं बाई," ती म्हणाली. "तळव्यांना हात लावू नको. गुदगुल्या होतात त्यांना."