अर्ध्या कणसाची वीट

एक होती चिचुंद्री. इवलीशी. लांब नाकाची. तिचं एक बीळ होतं. बिळात पिल्लं होती. बोटाएवढी, गुलाबी गुलाबी.

पण बिळाला दार नव्हतं. आणि समोरच्या भिंतीवर बसायचा बोका. शेपूट हलवायचा आणि बिळाकडे बघायचा. नुसता बघायचा हो. मला विचाराल तर त्याचं लक्षण काही बरं नव्हतं.

एक दिवस काय झालं? गल्लीत गुणाजी विटावाला आला. त्याने मांडला विटांचा मोठा ढीग. आणि लागला ओरडायला.

"घर झालं बांधून, विटा राहिल्या उरून. घ्या घ्या, अर्ध्या भावात घ्या."

चिचुंद्री गेली. लुटूलुटू, लुटूलुटू.

"गुणाजीदादा, वीट केवढ्याला?"

"एरवी एक कणीस. आज अर्धंच."

अर्धं कणीस? आता तुम्हीच सांगा, अर्ध्या कणसाला कधी वीट मिळते का? मला तर तेव्हाच शंका आली होती. पण मला कोण विचारतंय.

चिचुंद्रीने अर्धं कणीस दिलं. वीट घेतली. ढकलत ढकलत घरी आणली. सर्रक, सर्रक.

वीट लावायची तर आधी भिजवायची. सगळे गवंडी भिजवतात. चिचुंद्रीनेही भिजवली. डबक्यात ठेवली.

बुडबुड. बुडबुड. भस्स.

वीट गेली. राहिला चिखल. कच्ची होती ना वीट.

कणीसही गेलं आणि वीटही गेली. चिचुंद्रीला रडूच आलं. तिकडे बोका भिंतीवरून खाली उतरला. दबकत, दबकत.

चिचुंद्रीने डोळे पुसले. पिल्लांवर पाला ओढला. मूठभर चिखल घेतला आणि निघाली. लुटूलुटू, लुटूलुटू. गेली गुणाजीकडे.

"गुणाजीदादा, गुणाजीदादा, पक्की वीट दे.
बिळाला दार लागेना,
पिल्लांना झोप येईना."

गुणाजीने एक डोळा मिटला. एक डोळा उघडा ठेवला.

"हं… कशावरून? हा तर चिखल. ही माझीच वीट कशावरून? माझ्या विटा गाढवाने वाहिल्या. गाढव बोललं तर वीट देईन."

चिचुंद्री निघाली. लुटूलुटू, लुटूलुटू. गेली गाढवाकडे.

"गाढवदादा, गाढवदादा, खरं खरं बोल.
गुणाजी वीट देईना,
बिळाला दार लागेना,
पिल्लांना झोप येईना."

गाढवाने एक डोळा मिटला. एक डोळा उघडा ठेवला.

"हं… कशावरून? मी बोलेन आणि तू पळशील. मग पाठीत रट्टे कोण खाणार? आधी पाठीवर जाड गोणपाट घाल. गोणपाट मिळालं तर बोलेन."

चिचुंद्री निघाली. लुटूलुटू, लुटूलुटू. गेली दुरपदामावशीकडे. मावशी अंगणात उभी होती. तिला नवी चूल मांडायची होती. तीही विटांच्या ढिगाकडेच बघत होती.

"दुरपदामावशी, दुरपदामावशी, गोणपाट दे.
गाढव बोलेना,
गुणाजी वीट देईना,
बिळाला दार लागेना,
पिल्लांना झोप येईना."

दुरपदामावशीने एक डोळा मिटला. एक डोळा उघडा ठेवला.

"हं… कशावरून? गोणपाट नेशील आणि कुरतडून आणशील. मी ओळखते तुमची जात. आणि त्याच्यावर बसलीय माझी कोंबडी. कोंबडी उठली तर गोणपाट देईन."

तिकडे बोका चार पावलं पुढे आला. दबकत, दबकत.

चिचुंद्री निघाली. लुटूलुटू, लुटूलुटू. गेली कोंबडीकडे. कोंबडी गोणपाटावर अंडी उबवत बसली होती.

"कोंबडीताई, कोंबडीताई, जरा ऊठ.
दुरपदामावशी गोणपाट देईना,
गाढव बोलेना,
गुणाजी वीट देईना,
बिळाला दार लागेना,
पिल्लांना झोप येईना."

कोंबडीने एक डोळा मिटला. एक डोळा उघडा ठेवला.

"हं… कशावरून? मी उठेन आणि तू अंडी पळवशील. नाक बघा केवढं लांब. आणि अंडी गार पडली तर? इथे ऊन आलं तर उठेन."

आता उन्हाला कुठे गाठायचं? चिचुंद्रीने नाक वर केलं. मान वर केली.

"उन्हा रे उन्हा, अंगणात ये.
कोंबडी उठेना,
दुरपदामावशी गोणपाट देईना,
गाढव बोलेना,
गुणाजी वीट देईना,
बिळाला दार लागेना,
पिल्लांना झोप येईना."

उन्हाने काही डोळा मिटला नाही. ते म्हणालं, "मला यायचंच आहे गं. हा विटांचा ढीग आडवा येतोय. वरची वीट ढकल."

या वेळी चिचुंद्रीनेच एक डोळा मिटला. एक डोळा उघडा ठेवला.

"हं… कशावरून?"

"फटीतून बघ," ऊन म्हणालं.

चिचुंद्रीने फटीला डोळा लावला. खरंच की. पलीकडे ऊनच ऊन.

मग ती ढिगावर चढली. सरसर, सरसर. वरची वीट ढकलली. हुश्श. अजून ढकलली. हुश्श. वीट खाली पडली.

टण्ण.

पक्की वीट हो. पक्की वीट पडली की अशीच वाजते. चिचुंद्रीने इकडे बघितलं. तिकडे बघितलं. कोणाचं लक्ष नव्हतं. वीट घेऊन पळावं का? पळाली असती तर गुणाजी काय म्हणाला असता? "बघा, मी म्हणत नव्हतो? चोरटीच आहे ती." सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या.

चिचुंद्रीला बाई फार वाटलं, न्यावी. पण तिने वीट तिथेच ठेवली.

आणि ऊन आलं.

ऊन आलं, कोंबडी उठली. उठली, पण लांब नाही गेली. अंड्यांपाशीच उभी राहिली.
कोंबडी उठली, दुरपदामावशीने अंडी टोपलीत घेतली, टोपली उन्हात ठेवली आणि गोणपाट दिलं. दोनदा झटकून बघितलं, मगच दिलं.
गोणपाट दिलं, गाढवाच्या पाठीवर घातलं.
पाठीवर घातलं, गाढव बोललं.

"हॉ ही. पक्क्या विटा गेल्या घरात. कच्च्या राहिल्या ढिगात. वरवर पक्क्या मांडल्या, खाली कच्च्या दडवल्या. मीच वाहिल्या. हॉ ही."

गाढवाचा आवाज तो. साऱ्या गल्लीने ऐकला. दुरपदामावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय हो गुणाजी, माझी चूलही बुडबुड भस्स झाली असती की."

गुणाजीचं तोंड एवढंसं झालं. "घे बाई घे," तो म्हणाला, "पक्की वीट घे." आणि ढिगातली एक वीट पुढे केली.

चिचुंद्री आता शहाणी झाली होती. तिने खडा उचलला. विटेवर मारला.

भद्द.

"ही नको."

गुणाजीने दुसरी काढली. भद्द.

"हीपण नको."

मग चिचुंद्रीने खाली पडलेली वीट वाजवली. टण्ण.

"ही दे."

गुणाजीने वीट दिली. न देऊन सांगतो कोणाला, सगळे बघत होते ना.

गाढवाने वीट पाठीवर घेतली. चिचुंद्रीला घेतलं. निघालं धावत. टबक टबक, टबक टबक.

आणि बिळापाशी कोण? बोका. पंजा आत घातला होता. पाला उडत होता. पिल्लं आत आत सरकत होती. चूं चूं, चूं चूं.

"हॉ ही," गाढव ओरडलं. बोका जो उडाला तो थेट भिंतीवर.

चिचुंद्रीने वीट डबक्यात ठेवली. बुडबुड. बुडबुड. तिचा जीव वरखाली झाला. पण वीट होती तशी. मग गाढवाने नाकाने वीट लोटली. चिचुंद्रीने आतून ओढली. दार लागलं, घट्ट. पिल्लं आईला बिलगली. चिचुंद्रीने एकेकाला चाटलं.

गाढव गेलं. मग बाहेर आवाज आला. खर्र. खर्र. नखांचा आवाज. विटेचा कपचाही निघाला नाही.

मग आवाज गोड झाला. अगदी साखरेसारखा.

"पिल्लांनो, पिल्लांनो, मी मामा आलोय. खाऊ आणलाय. दार उघडा."

"खाऊ केवढ्याला?" चिचुंद्रीने आतून विचारलं.

"आज फुकट," बोका म्हणाला.

फुकट?

पिल्लांनी एक डोळा मिटला. एक डोळा उघडा ठेवला.

मग दाराकडे बघितलं. दार पक्कं होतं. मग दुसराही डोळा मिटला. आणि पिल्लं झोपली.

बिळाला लागली वीट,
आता तुम्हीही निजा नीट.