न मिटणारं दार

"पण दारच मिटत नाही, बुवा! मग मी करू तरी काय?"

विचारणारे डॉ. हेरंब गोवंडे. डोळ्यातल्या पेशींवर वीस वर्षं संशोधन केलेला माणूस, आणि त्याचा तोराही तेवढाच. पण त्याच्याच नऊ वर्षांच्या लेकीची, शर्वाणीची दृष्टी जात चालली होती, तीही नेमकी त्याच पेशींपायी. सगळे उपाय थकले, तेव्हा स्वारी डोंगरातल्या लिंबाजीबुवांच्या गुहेत येऊन थडकली.

तिथला रिवाज साधा. काळोखात बसायचं. बुवांचं तोंड दिसलं, की मग उत्तर मिळायचं.

"कसलं दार?"

"पेशीचं. अंधारात ते उघडं असतं, त्यातून कॅल्शियम आत येतं. उजेड पडला की एक एन्झाइम कामाला लागतं आणि दार मिटतं. मग आतलं कॅल्शियम घटतं, आणि त्या घटण्यानंच दुसरं एन्झाइम जागं होऊन दार पुन्हा उघडतं. शर्वाणीचं पहिलं एन्झाइमच बिघडलंय. दार सताड उघडं. कॅल्शियम साचत जातं... पेशी मरतात."

"बरं. माझं तोंड दिसलं का?"

हेरंबनं खिशातून मोबाइल काढून टॉर्च लावला. "हे काय, दिसलं!"

"विझव. आता?"

आता तर स्वतःचा हातही दिसेना. पुन्हा टॉर्च, पुन्हा मिट्ट काळोख. अरे देवा! अंधाऱ्या प्रयोगशाळेत बत्ती लावून अंधाराला सरावलेले डोळे बिघडवले म्हणून यानंच किती विद्यार्थ्यांना फैलावर घेतलं होतं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

त्यानं खजील होऊन मोबाइल खिशात टाकला.

"लेकीला काय सांगितलंस?"

"सगळं. आकृत्या काढून."

"ती काय म्हणाली?"

"म्हणाली... 'बाबा, माझं काही चुकलं का?'"

"मग?"

"मी... पुन्हा आकृती काढली."

बुवा सरकत जवळ आले. त्याचा हात हातात घेऊन नुसते बसून राहिले.

हेरंबला काही कळेना. हा आशीर्वाद म्हणायचा, की उपाय? विचारायला तोंड उघडलं, तर रडूच फुटलं. बुवांनी हात सोडला नाही. किती वेळ गेला कोण जाणे...

हळूहळू समोर दाढी दिसू लागली. मग डोळे.

"दिसलं, बुवा." तो गोंधळून म्हणाला. "पण तुम्ही तर काहीच सांगितलं नाहीत!"

"हां. जा, लेकीचा हात धर आणि तिलाही हेच सांग."