तहानलेला गालिचा

एक होता डोंगर. राजा नाही, डोंगरच. राजा काल झाला, परवा झाला, मला आता राजांचा कंटाळा आलाय. ओजस, पाय आत घे. पाणी? अरे, आत्ता तर प्यालास! आता पाणी गोष्ट संपल्यावर.

तर हा डोंगर लांब, मोरोक्को देशात. तिथं राहायचे बर्बर लोक. ते मेंढ्या पाळायचे, आणि बायका घरोघरी लोकरीचे गालिचे विणायच्या. लोकर रंगवायची तीही घरीच. मंजिष्ठेच्या मुळ्यांचा लाल रंग, डाळिंबाच्या सालींचा पिवळा, निळीचा निळा. आणि नक्षी कागदावर काढलेली नसायची, बरं का. मनात येईल ते विणायचं. नागमोडी रेघ म्हणजे ओढा. शंकरपाळ्यासारखी चौकट म्हणजे डोळा, घराला दृष्ट लागू नये म्हणून.

त्या डोंगरात होती तुदा. हसू नका, तिकडं अशीच नावं असतात. तुमची नावं ऐकून तीही खिदळली असती. तर तुदा, आणि तिची लेक इत्तो. इत्तोचं लग्न ठरलं होतं ओढ्यापलीकडच्या मोहाशी. मोहा दिसायला राजबिंडा, पण इत्तो समोर आली की याची दातखीळ बसायची. तरी इत्तोला तोच हवा होता. दुसऱ्या कुणाचं नाव काढलं की ती जेवणावरून उठायची.

आता त्यांच्यात रीत अशी, की लग्नाआधी नवरीच्या घरचा गालिचा सासरी जाऊन पडायचा. सासूनं ठेवून घेतला तर लग्न. सासूनं परत आणून टाकला तर संपलं.

मग तुदानं गालिचा विणला. काय सुंदर झाला म्हणून सांगू! मधोमध लाल, कडेनं पिवळा ओढा, आणि चारी बाजूंनी निळे निळे डोळे. आणखी एक रीत होती. गालिचा मागावर असतो तोवर तो जिवंत असतो, असं त्या बायका मानायच्या. त्याला दिसतं, त्याला ऐकू येतं. म्हणून कापून उतरवायच्या आधी त्याच्यावर पाणी शिंपडायचं. मग त्याची तहान भागते आणि तो शांत झोपतो.

सासरहून खेचर आलं गालिचा न्यायला. तुदाची धांदल उडाली. तिनं इत्तोला ओढ्यावर पाणी आणायला पिटाळलं. इत्तो गेली. तर पलीकडच्या काठावर कोण? मोहा, मेंढ्या घेऊन! हा तिच्याकडे बघतोय, ती त्याच्याकडे बघतेय, आणि घागर बिचारी बघतेय पाण्याकडे. शेवटी इत्तो लाजून पळाली, ती रिकामी घागर घेऊनच. घरी मागाशी पोचते न पोचते तोच आई बाहेरून सुरी घेऊन आली. शिंपडलंस का गं, म्हणाली. इत्तो म्हणाली, हो.

धडधडीत खोटं. मग काय! गालिचा तहानलेलाच खेचरावर चढला. डोळे टक्क उघडे.

सासरी तो ओसरीत पसरला. सासू फादमा खूष झाली. ही फादमा म्हणजे मोठी कडक बाई. मध फक्त पाहुण्यांसाठी, म्हणून घरात कुणाला बोट लावू द्यायची नाही. तर सकाळी उठून बघतात, गालिच्यावर नवी नक्षी! पिवळा मधाचा बुधला, आणि त्यात मनगटापर्यंत गेलेला एक हात. हातात फादमाचं कडं. सगळं घर बघत राहिलं. फादमा म्हणाली, उजेडच वाईट आहे.

मग दुसऱ्या सकाळी आणखी नक्षी. झाडाखाली एक माणूस आडवा, पोट वर. आणि पांढऱ्या मेंढ्या एकामागून एक शेजाऱ्याच्या शेतात. सासरा हम्मू रोज सांगायचा, मेंढ्या राखून कंबर मोडली हो माझी. आता फादमा हसली. शेजारीही आले बघायला, आणि ते काही हसले नाहीत.

मग तिसऱ्या सकाळी काय, तर निळ्या फेट्यातला मोहा, गाढवासमोर हात जोडून उभा. आता मात्र सगळा गाव लोटला. बायका तोंडावर पदर... पदर कुठले तिथे, शाली घेऊन हसल्या. फादमानं गालिचा गुंडाळला, खेचरावर टाकला, नवऱ्याला आणि मुलाला घेतलं आणि तडक तुदाच्या दारात. गालिचा अंगणात उलगडून टाकला आणि म्हणाली, हा चहाडखोर आहे. हे लग्न होणार नाही.

तुदा गयावया करू लागली. मी यातलं काही विणलं नाही, माझ्या लेकीनं रीतसर पाणी शिंपडलंय, विचारा तिला. आणि इत्तो बघते तर काय, तिच्या पायाशीच नवी नक्षी उमटत होती. ओढा, आणि रिकामी घागर घेतलेली मुलगी. तिनं पटकन त्यावर पाय ठेवला.

गप्प राहावं तर लग्न मोडतंय. खरं बोलावं तर आईची मान खाली जातेय. मोहाकडे बघितलं, तर तो रडवेला झालेला.

मग तिनं पाय उचलला. “पाणी नाही शिंपडलं. मी खोटं बोलले. तो तहानलाय, म्हणून झोपत नाहीये.”

आणि धावली ओढ्यावर. पहिली घागर ओतली, गालिच्यानं गटकन पिऊन टाकली. दुसरी ओतली, तीही गट्ट. तिसरी ओतली, तेव्हा त्याला मोठ्ठी जांभई आली, कडेच्या दशा हलल्या, आणि निळे डोळे मिटले ते मिटलेच.

मग इत्तो मोहाकडे वळली. गाढवाला काय म्हणत होतास, विचारलं. मोहा लालेलाल.

“सराव करत होतो. इत्तो, तुझी भाकरी करपते म्हणतात, तरी मी रोज खाईन. एवढंच बोलायचं होतं.”

फादमाला हसू आवरेना. पोरगा एकदाचा बोलला! पण लगेच तिचं तोंड उतरलं. झोपलेल्या गालिच्याची वीण उसवत नाहीत, मग या बुधल्याचं काय?

इत्तो म्हणाली, “सासूबाई, तुम्ही त्याच्यावर बसा.”

झालं, लग्न लागलं. गालिचा सासरी गेला. फादमा बसली मधाच्या बुधल्यावर, हम्मू बसला स्वतःच्या पोटावर. कितीही मोठा पाहुणा येवो, दोघं जागची उठायची नाहीत. गाव म्हणायचं, काय मान आहे या घरात म्हाताऱ्यांना! इत्तो करपलेली भाकरी करायची, मोहा ती खायचा, आणि सगळे मजेत राहिले.

हं, ओजस, हे घे पाणी. घोटभरच पी, तीन घागरी नकोत. शरयू, तुलाही. प्यालात? आता मिटा डोळे, त्या गालिच्यासारखे. आणि सकाळी लाडवाचा डबा कुणी उघडला ते मी कुणाला विचारणार नाही.