जावेवरचा निर्जळी उपास

ऐका माठगौरी, तुझी कहाणी. आटपाट नगर होतं, नगराला ऊन फार होतं. तिथं एका कुंभाराला दोन सुना होत्या. थोरली भिवरा, धाकटी सगुणा. धाकटीनं चैत्रात माठगौरीचा वसा घेतला. सकाळी माठ भरावा, ओलं फडकं गुंडाळावं, आल्यागेल्याला पाणी द्यावं, मग आपण प्यावं. भर दुपारी उन्हात हिंडू नये. कैरीचं पन्हं करावं, ताकात मीठ-जिरं घालावं, घरच्यांना द्यावं, दारच्यांना द्यावं. असं तिनं केलं. वाटसरू तिच्या निंबाखाली विसावू लागले, सासू उठताबसता तिचं नाव घेऊ लागली.

भिवरेच्या पोटात दुखू लागलं. मनात म्हणाली, हिचं खाऊनपिऊन व्रत, आणि गाव हिला ओवाळतं. मी दहा वर्षं माती तुडवते, मला कुणी बस म्हणालं नाही. मग तिनं काय केलं? चारचौघांदेखत आपला तांब्या पालथा घातला. तीन दिवस निर्जळी करीन, उन्हात भट्टीपाशी बसेन, म्हणाली. सासूनं विनवलं, नवऱ्यानं विनवलं. ऐकेल तर ती भिवरा कसली.

पहिला दिवस झाला. जीभ कोरडी पडली. वाटेनं एक म्हातारी आली, बाई, घोटभर पाणी घे, म्हणाली. भिवरा म्हणाली, माझं व्रत मोठं. पण डोळे जावेच्या दारी. कोण आलं, कोण प्यायलं, बघत बसली. दुसरा दिवस झाला. डोकं ठणकलं, पायांत गोळे आले. म्हातारी आली, तसंच म्हणाली. भिवरेनं मान फिरवली, ती जावेच्या दाराकडेच. तिसरा दिवस आला. दुपार झाली, माणसं घरात गेली. भिवरेचा घाम थांबला, अंग तव्यासारखं तापलं, आणि ती कलंडली.

म्हातारी उशाशी बसली. भिवरा पुटपुटली, "माठगौरीसाठी पाणी सोडलं, तिला माझी दया येत नाही."

म्हातारी म्हणाली, "नाव तिचं घेतलंस, ध्यान जावेचं केलंस. ज्याचं ध्यान, त्याच्याकडे फळ माग. अगं, कुंभाराची सून तू. कच्चं मडकं सावलीत वाळवतेस, आणि आपला जीव उन्हात टाकलास?" एवढं बोलून ती दिसेनाशी झाली. भिवरेनं मनात ओळखलं.

जावेचं दार दहा पावलांवर. पण हाक मारण्यापेक्षा मरण सोपं वाटलं. मग पोरं आठवली. आपण मेलो तर त्यांना पाणी कोण देईल? सगुणाच देईल. पोरं तिलाच आई म्हणतील. हे मात्र भिवरेला सोसवेना. होता नव्हता तो जीव गोळा केला आणि म्हणाली, "सगुणे, पाणी दे."

सगुणा धावली, सासू धावली. दोघींनी तिला निंबाखाली नेलं. कपाळावर, मानेवर, काखेत ओली फडकी ठेवली, पदरानं वारा घातला. मग सगुणेनं तांब्या आणला. घोट घोट पाजलं, गटागटा पिऊ दिलं नाही. भिवरा बघते तर तांब्या आपलाच, पालथा घातलेला. त्याला ओलं फडकं गुंडाळलेलं.

सगुणा म्हणाली, "जाऊबाई, तीन दिवस रोज ताजा भरून ठेवत होते. तुम्ही कधी हाक माराल, नेम नव्हता."

भिवरेच्या डोळ्यांत पाणी आलं. अंगात तेवढं पाणी परत आलं होतं.

दुसऱ्या वर्षी भिवरेनं वसा घेतला. निंबाखाली दोन माठ बसले. कुणाचा आधी रिता होतो, एवढी चुरस मात्र राहिली. ती माठगौरीनं चालवून घेतली.

हा वसा चैत्रात घ्यावा, मृगाला पुरा करावा. तहानेवर रुसू नये, सावलीला लाजू नये, पाणी मागायला कमीपणा मानू नये. भिवरेची तलखी जशी निवली, तशी तुमची आमची निवो. ही साठां उत्तरांची कहाणी पांचां घोटीं सुफळ संपूर्ण.