तबकडीवरचं बोट

"पण चुकलं कुठे, ते तरी सांगाल का?"

एमेलिन आंटींनी मान वर केली नाही. त्या वाटाणे सोलत होत्या.

शलाका कोठारेच्या डोक्यात तिडीक गेली. पुढच्या आठवड्यात स्टुडिओ ठरलेला. अल्बम स्टँडर्ड्सचा, म्हणजे जॅझमधली तीच ती जुनी गाणी, जी आजवरच्या प्रत्येक मोठ्या गायिकेने आपापल्या परीने गायली. पियानोला आंटीच हव्यात, हा हट्ट तिचाच होता. मुंबईच्या हॉटेलांत उभी हयात गाऊन-वाजवून वसईला परतलेली ही बाई तिला वर्षभर शिकवत होती.

आणि हल्ली त्या काय करत? गाणं ऐकत, "नाही" म्हणत आणि पियानोचं झाकण लावून स्वयंपाकघरात निघून जात.

"सूर लागला नाही?"

"लागला."

"ताल सुटला?"

"नाही."

"मग उच्चार?"

"उच्चार तर माझ्यापेक्षा चांगले."

"मग 'नाही' काय, 'नाही'! पेपरात माझ्या आवाजाला धुरकट मखमल म्हटलंय, आंटी. धुरकट मखमल!"

"पेपरवाल्यांना कापडातलं काय कळतं?"

शलाकाने पिशवीतून रेकॉर्ड काढली आणि वाटाण्यांच्या ताटाशेजारी आदळली.

"ही घ्या. लहानपणापासून बाबांच्या मशीनवर हीच ऐकत आलेय. यातल्या बाईचा एकेक श्वास पाठ आहे मला. ती थांबते तिथे मी थांबते. ती खाली उतरते तिथे मी उतरते. एका केसाचा फरक दाखवा, स्टुडिओ रद्द करते."

आंटींनी हात पुसले. रेकॉर्ड आपल्या मशीनवर ठेवली आणि सुई टेकवली.

शलाका ताडकन उठली.

आवाज उंच होता. हलका होता. गाणारी बाई जणू हसू दाबत, जिना उतरावा तशी भराभर गाणं उतरत होती.

"तुमचं मशीन बिघडलंय."

"माझं?"

"पळतंय ते! ऐकू येत नाही का? ही ती नव्हेच. कोणीतरी खट्याळ पोरगी गातेय."

आंटींनी फिरत्या तबकडीच्या कडेला एक बोट टेकवलं. अगदी हलकेच.

तबकडी मंदावली. आवाज खाली घसरला, जड झाला, काळोखात शिरला…

"हां! हीच!" शलाका ओरडली. "बोट काढू नका! हीच ती!"

"हीच?"

"हीच!"

"ही बाई नाही, पोरी. हे बोट आहे."

"बोट?"

"बाबांचं मशीन कुठलं?" आंटींनी विचारलं.

"अमेरिकन. बंदरावर नोकरीला होते ते. तिथल्या एका कप्तानाकडून घेतलेलं. आपल्या विजेवर जळू नये म्हणून खाली लोखंडी डबा लावलाय."

"डब्यामुळे जळत नाही. पण अमेरिकन मशीन इथल्या विजेवर सावकाशच फिरतं. आमच्या बँडमध्येही तसलंच एक होतं. त्याच्यावर सगळे जण दुःखीच वाटायचे."

आंटींनी बोट काढलं. तबकडीतली बाई पुन्हा हसू दाबत निघाली.

शलाका खाली बसली. त्या खर्जापर्यंत पोचायला तिने काय नाही केलं! ज्येष्ठमध चघळून जीभ सोलवटून घेतली होती. घसा खरवडून निघायचा, तरी ती उतरत राहायची. थकलेली, पोळलेली एक बाई तिने मनात जपली होती आणि तिच्यासारखं होण्यात तरुणपण घातलं होतं. अशी बाई कुठे नव्हतीच.

"हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"मशीनचं नव्हतं. पण तू गायला लागलीस की खोलीत कोणीच नसायचं."

शलाकाला रडू यायला हवं होतं. आला तो संताप. ती उठली, पदर खोचल्यासारखी ओढणी कमरेला बांधली.

"ठीक आहे. मोडते सगळं. हीच चाल, हाच वेग, हीच पट्टी. जागून बसवते. खरोखर गायली ती अशीच ना? मग आठवड्यात अशीच गाऊन दाखवते, एका केसाचाही…"

आंटींनी सुई उचलली.

खोली एकदम रिकामी झाली. मागच्या केळीच्या बागेत कोणीतरी पाण्याचा पंप बंद केला, तेवढंच ऐकू आलं.

आंटी पियानोशी गेल्या. झाकण उघडलं. बसल्या, बोटं पट्ट्यांवर ठेवली. वाजवलं मात्र काहीच नाही.

"कुठल्या पट्टीत?"

हॉटेलातला साधा पगारी वादकही गायिकेला पहिल्यांदा हेच विचारतो. शलाकाने उत्तरासाठी तोंड उघडलं…

बाबांच्या मशीनची पट्टी तर कोणाचीच नव्हती. आणि आत्ता ऐकलेली त्या बाईची होती.

"आंटी…"

"बोल ना. हात अवघडले माझे."

"रेकॉर्ड लावा ना एकदा. नुसती सुरुवात… पहिला सूर तेवढा घेते. त्याशिवाय गायला उभी तरी कशी राहू?"

आंटींनी पट्ट्यांवरचे हात हलवले नाहीत.

"ती गायला उभी राहिली, तेव्हा तिच्याकडे ही रेकॉर्ड नव्हती, शलाका."