तापलेल्या स्विचचे पंखे

फार पूर्वी, गाड्यांचे पार्ट बोलायचे त्या काळी, सर्जेरावाच्या प्रवासी वाहणाऱ्या वडाप जीपमध्ये चावीचा एक मानी स्विच होता. जादा दिवे, भोंगा, गाण्यांचा डेक, सगळ्यांची वीज त्याच्या अंगातूनच जायची.

शेजारची रिलेची डबी म्हणाली, "दादा, एवढ्या विजेनं तुमचं अंग तापतंय. तुम्ही नुसता हुकूम सोडा. वीज मी वाहून नेते."

"मग मला कोण विचारणार?" स्विच गुरकावला.

दुपारी सर्जेरावाला चावीचा चटका बसला. "आयला, याला तर ताप भरलाय!" म्हणत त्याने स्विचसमोर पंखा बसवला आणि त्याची वायर स्विचलाच जोडली. पंख्याचीही वीज अंगातून जाऊ लागली, तसा स्विच आणखी तापला. सर्जेरावाने दुसरा पंखा जोडला. आता धूर निघाला.

"दादा, आता तरी ऐका," डबी कळवळली.

"गप गं!" वितळता वितळता स्विच म्हणाला. "सर्जेराव, तिसरा पंखा लावा. पण वायर माझ्याकडूनच घ्या!"