टाकीचं झाकण

"म्हणजे गुंडूनं पेट्रोलात तेल कमी घातलं, असंच ना?"

देवस्थळी सरांनी करवत घेऊन वखारीत आल्या आल्या हेच विचारलं, की आधी नमस्कार केला, हे आता त्यांना नीटसं आठवत नाही. दोषी ठरवून आलो होतो, एवढं मात्र आठवतं.

सरांनी तीस वर्षं इंजिनाचं शास्त्र शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर आजऱ्याजवळ काजूची बाग घेतली. फांद्या तोडायची पेट्रोलवरची करवत दहा मिनिटं चाले आणि मान टाके. फिल्टर बदलला, प्लग बदलला, कार्बोरेटर दोनदा उघडला. शेवटी पेट्रोलात तेल मिसळणाऱ्या गुंडूला त्याच दिवशी सकाळी सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस.

लाकडाच्या वखारीत करवती दुरुस्त करणारे इनूस उस्ताद ओंडक्यावर बसून ऐकत होते.

"बंद पडली की पयलं काय करता, सर?"

"टाकी उघडून पेट्रोल बघतो. अर्धी टाकी असतेच."

"मग?"

"झाकण लावतो. कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवतो. लगेच चालू होते."

"आणि परत बंद पडती."

"परत फिरवतो."

"लई शिकवलं हो तुम्ही त्या स्क्रूला."

उस्तादांनी करवत चालू करून फणसाचा ओंडका कापायला घेतला. दहाएक मिनिटांत ती थांबली.

सरांचा हात सवयीनं टाकीकडे गेला. उस्तादांनी झाकणावर तळवा ठेवला.

"आधी स्क्रू."

सरांनी पाव फेरा फिरवला. दोरी ओढली. मग अर्धा फेरा. पुन्हा ओढली. खांदा भरून आला, करवत चालू होईना...

"स्क्रू होता तिथं आणा. आता उघडा."

झाकण सैल होताच टाकीनं सुस्कारा टाकून हवा आत ओढली. झाकण लावून दोरी एकदाच ओढली. करवत चालू झाली.

सरांना सगळं कळलं. हेच तर त्यांनी फळ्यावर शिकवलं होतं. हवा आत गेल्याशिवाय पेट्रोल बाहेर येत नाही. टाकीला हवेचं बारीक छिद्र असतं, ते बुजलं होतं. दर वेळी झाकण उघडून ते स्वतःच इंजिन मोकळं करत होते, आणि श्रेय स्क्रूला देत होते.

उस्तादांनी करवत बंद केली. टाचणीनं छिद्र टोकरलं, निघालेला लाल कण सरांच्या तळहातावर ठेवला.

"लाख हाय."

"लाख?... कुणी लावली असेल? गुंडूनंच..."

उस्तादांनी टाचणी पुसून ठेवली.

"ते मागनं बघा. गुंडू आज घरी हाय. उद्या दुसऱ्याच्या कामाला जाईल."

सर गुंडूच्या घरी गेले. काय बोलले, तेही आता धड आठवत नाही. गुंडू मात्र दुसऱ्या दिवशी बागेत आला.

नऊ वर्षांनी रद्दी काढताना बागेची जुनी वही हाती लागली. चष्मा पुसून सरांनी पान दोनदा वाचलं. अक्षर त्यांचंच होतं. "करवतीची टाकी किंचित झिरपते. छिद्र लाखेने बंद केले. उत्तम." तारीख गुंडू कामाला लागायच्या आदल्या आठवड्यातली होती.